हरकतींची पोच

वर्तमानपत्र वाचणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. वर्तमानपत्र गुंडाळणारी, फाडणारी, त्यावर चिवडा खाणारी आणि तेच तोंडावर पसरून दुपारची झोप काढणारीही मी पाहिली आहेत. पण वर्तमानपत्र मोजणारा माणूस परमेश्वराने एकच घडवला, आणि घडवल्यावर त्याला नांदेडात, नेमका मी ज्या दैनिकाचा संपादक होतो त्याचाच वर्गणीदार करून सोडलं. यातला ‘परमेश्वराने’ हा शब्द त्यांना चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. ते बौद्ध, आणि बौद्ध नसते तरी त्यांनी या विधानाला पुरावा मागितलाच असता. उभी हयात त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढली होती. दोन भावांच्या बांधाच्या भांडणात मधोमध उभं राहून, दोघांच्याही शिव्या खात, खुणेचा दगड जिथे असायला हवा तिथेच रोवून यायचं, असं त्यांचं काम. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून त्यांनी आमचा पेपर मोजायला घेतला. आमच्या कार्यालयात त्यांना कोणी नावाने ओळखत नसे. ‘मोजणीवाले आले’ एवढं कोणी म्हणालं, की जाहिरात विभागातली माणसं चहा प्यायला निघून जात.

अंगाने ते मोजणीच्या काठीसारखेच होते, उंच, सरळ आणि कुठेही उभे केले तरी दुरून दिसणारे. पांढरा सदरा, खिशात एक फूटपट्टी, तीन रंगीत पेन्सिली आणि एक टोकयंत्र. चालताना पावलं मोजत. एकदा दारातून आत आले आणि ‘जय भीम’ म्हणायच्या आधी म्हणाले, “साहेब, दारापासून तुमच्या टेबलापर्यंत मागच्या महिन्यात सव्वीस पावलं होती. आज सत्तावीस भरली. मागं सरकून राहिले का काय?” मी खरोखरच टेबल मागे घेतलं होतं. पंख्यापाशी छत गळत होतं. पण तेव्हापासून मला असं वाटू लागलं, की या माणसासमोर एक पाऊलही मागे घेतलं तर ते नोंदलं जाईल. तसं ते नोंदलं गेलंही, पण ते पुढे सांगतो.

दर रविवारी सकाळी अकरा वाजता ते येत आणि टेबलावर नकाशा पसरत. हा आमच्या पेपरचा आठवड्याचा नकाशा. सातही दिवसांची सगळी पानं छोट्या प्रमाणात आखलेली, आणि प्रत्येक बातमीचा तुकडा रंगवलेला. शहराला निळा, तालुक्यांना हिरवा, पुढाऱ्यांना तांबडा. जमिनीची प्रतवारी करतात तशी त्यांनी मजकुराची प्रतवारी केली होती. जाहिरात म्हणजे बागायत, कारण तिला बारमाही पाणी. बातमी म्हणजे जिरायत. माझा अग्रलेख हाही जिरायतच, पण हलक्या प्रतीचा. ‘पाऊस पडला तर पिकतो’ असा त्यावर शेरा. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे भलेमोठे चौकोन आम्ही छापायचो, ते सगळे पोटखराब, म्हणजे कधीच लागवडीला न येणारं रान. एका जून महिन्यात त्यांच्या नकाशात पहिलं पान अख्खं पोटखराब निघालं होतं. मी म्हणालो, अहो, पेपर त्याच्यावरच चालतो. ते शांतपणे म्हणाले, “मग चालू द्या. पण त्याला शेत म्हणू नका.”

ते मूळचे लोह्याजवळच्या एका खेड्यातले, त्यामुळे हिरव्या रंगावर त्यांचं बारीक लक्ष. दर गुरुवारी आम्ही लोह्याचं एक पान काढायचो. त्यात बाजारभाव, बसच्या वेळा, शाळेचे निकाल, कुणाची म्हैस हरवली, कुठल्या वाडीला टँकर आला नाही, असं सगळं असे. एका महिन्यात निवडणुकीच्या गडबडीत ते पान चारही गुरुवारी खाल्लं गेलं. रविवारी मोजणीवाले आले ते नकाशाऐवजी एकच कात्रण घेऊन. कात्रणात एका पुढाऱ्याचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर जी मिशी होती तिची लांबी, रुंदी आणि क्षेत्रफळ त्यांनी काढलं होतं. महिनाभरात त्या गृहस्थांचा फोटो जितक्या वेळा छापला तितक्या वेळा गुणून आलेला आकडा, आणि त्याच महिन्यात लोहा तालुक्याला मिळालेली जागा, असे दोन आकडे शेजारी शेजारी. मिशी मोठी होती. “साहेब,” ते म्हणाले, “एकच सांगा. लोह्यात माणसं राहतात का मिशा?” पुढच्या गुरुवारी लोह्याचं पान पुन्हा सुरू झालं. तो पुढारी भेटला की मला आजही आधी त्याचं क्षेत्रफळ आठवतं.

त्यांचा एक नियम दुरुस्तीचा. एकदा आम्ही छापलं, की त्यांच्या गावचा रस्ता पूर्ण झाला. त्यांनी निवृत्तीच्या वेळी खात्याच्या लिलावात घेतलेली जुनी लोखंडी साखळी उचलली, गाव गाठलं, रस्ता मोजला आणि रविवारी हजर. “तुमच्या पेपरात रस्ता आमच्या शाळेपर्यंत आलाय. जमिनीवर तो अजून ओढ्याच्या अलीकडंच बसून राहिला.” मी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापली. ती त्यांनी मोजली आणि परत आणून दिली, जशी एखादी खोटी नोट परत करावी. मूळ बातमी केवढी, दुरुस्ती केवढी? जेवढ्या जागेत चुकलं तेवढ्याच जागेत दुरुस्त करायचं, कमी नाही आणि जास्तही नाही. असे तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात मी वैतागून तेवढ्याच मापाची चौकट छापली, आणि महिन्याभरात ओढ्यापलीकडे खडी पडली. पुढे एका सत्कारात ‘लेखणीच्या जोरावर रस्ता करून घेणारे संपादक’ म्हणून माझ्या गळ्यात हार पडला. मोजणीवाले तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. हार त्यांना द्यावा असं माझ्या मनात आलं होतं. पण मनात आलेल्या गोष्टी मी नेहमी तिथेच ठेवत आलो आहे.

त्यांच्या पत्नी मात्र या छंदाला कंटाळल्या होत्या. मी एकदा घरी गेलो तेव्हा भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, “नोकरीत लोकाईची भांडणं मिटवली. आता पेपरची लावून राहिले. माझ्या भाकरीला पट्टी लावत न्हाईत, तेवढं नशीब समजा भाऊजी.” मोजणीवाले मान खाली घालून जेवत होते. दुसरी भाकरी घेताना त्यांनी ती पहिलीच्या शेजारी धरून पाहिली, हे मी वहिनींना सांगितलं नाही.

पण या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा एक सिद्धांत होता, आणि तो ते कुणालाही, अगदी बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही, समजावून सांगत. मला त्यांनी तो पहिल्याच वर्षी सांगितला.

“पेपर कोणाचा हाय, साहेब?”

“मालकांचा.” आमचे मालक म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव, राहणार पुणे.

“नाव मालकाचं हाय, कबूल. पण वहिवाट कोणाची? रोज सकाळी हा पेपर कसतं कोण? म्या कसतो. लोह्याच्या न्हाव्याच्या दुकानात एका पेपरवर चाळीस जण कसतात. अन् कसणाऱ्याला इचारल्याबिगर सौदा होतो व्हय?” त्यांना मालकी नको होती. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वाट, असलं काही कुणाचं असेल तर तिथे लिहितात. त्या रकान्यात वाचकाचं नाव लावा, एवढंच मागणं. पुढच्या रविवारी त्यांनी आमच्या पेपरचा सातबाराच करून आणला. मालकाचं नाव, पिकांची नावं आणि इतर हक्कात ‘समस्त वाचक, जिल्हा नांदेड’. मी तो हसत हसत टेबलाच्या काचेखाली सरकवला. पाहुण्यांना दाखवायला तो फार उपयोगी पडत असे.

मग मालकांनी पेपर विकायला काढला. घेणार होते लातूरचे एक क्लासवाले. लातुरात क्लास म्हणजे काय ते सांगायला नको. तिथे पोरांच्या मार्कांवर अख्खी गल्ली जगते. या गृहस्थांना आता क्लासबरोबर पेपरही हवा होता. बातमी फुटली त्याच रविवारी मोजणीवाले नकाशा न पसरताच बसले. “फेरफाराची नोटीस लावली का?” जमिनीचा मालक बदलताना चावडीवर नोटीस लागते, पंधरा दिवस हरकती घेतात, हरकत आली तर सुनावणी होते आणि मगच नवं नाव चढतं. हे सगळं पेपरला लागू नाही, तसा कायदाच नाही, असं मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, “कायदा न्हाई तर न्हाई. रीत तर हाय?”

आता खरं सांगायचं तर, ती नोटीस मी गंमत म्हणून छापली. पुढच्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक चौकट रिकामी होती. मी अस्सल महसुली भाषेत लिहिलं, की सदर दैनिकाच्या मालकीत बदल होणार असून कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत संपादकांकडे लेखी द्यावी, आणि हरकती आल्यास त्यानंतरच्या रविवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयात सुनावणी होईल. मालक पुण्याहून फोनवर हसले. लातूरचे क्लासवाले तर इतके खूश झाले, की एका गुणगौरव समारंभात त्यांनी माईकवरून जाहीर करून टाकलं, एक जरी हरकत आली तरी मी हा पेपर घेणार नाही, मला जनतेचा आशीर्वाद हवा. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी आम्हा तिघांची पंचाईत केली, कारण मोजणीवाल्यांना गंमत कळत नसे. त्यांनी पिशवी उचलली आणि फिरायला सुरुवात केली.

ते लोह्याची खेडी न् खेडी फिरले. माहूरच्या गडाखालच्या दुकानदारांकडे गेले. लेक किल्लारीकडे दिली होती, तर जिल्हा ओलांडून तिच्याही गावात जाऊन आले. हरकत कशी लिहायची ते प्रत्येकाला शिकवलं, आणि शिकवताना त्यांचं आयुष्यभराचं एकच पालुपद होतं: कागद एका हाताने द्यायचा आणि दुसऱ्या हाताने त्याची पोच घ्यायची. ज्याची पोच नाही तो कागद दिलाच नाही. चौदाव्या दिवशी दुपारी ते खताची एक गोणी खांद्यावर घेऊन जिना चढले. तोंड सुतळीने बांधलेलं. मी ती उघडून पाहिली तेव्हा आधी हसलो आणि मग माझं हसू हळूहळू कमी झालं. माहूरच्या एका प्रसादवाल्या बाईने लिहिलं होतं, की पेपर कुणीही घ्या पण कागद पातळ करू नका, पुडी फुटते. एका मास्तरांची हरकत शब्दकोड्याच्या उत्तरांबद्दल होती. लोह्याच्या न्हाव्याने लिहिलं होतं, ‘मालक बदला, गुरुवार बदलू नका.’ आणि किल्लारीकडच्या एका आजोबांचं पत्र होतं: ‘आमचं गाव एकदा एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं. सवय व्हायला आयुष्य गेलं. पेपर हलवणार असाल तर आधी सांगत जा.’ बहुतेकांचं म्हणणं एकच होतं. कोण विकतो आणि कोण घेतो ते तुमचं तुम्ही बघा, पण गावाचं पान काढू नका, आणि वर्षातून एकदा तरी आम्हाला बोलावून विचारा.

मोजणीवाल्यांनी गोणीचं तोंड पुन्हा सुतळीने गाठ मारून बांधलं. मी कागद ओढला आणि म्हणालो, “पोच लिहून देतो.”

मोजणीवाले इतके हसले, की त्यांच्या खिशातली पट्टी हलली. “तुमच्याकडून पोच? मग एवढे रविवार म्या काय मोजलं?” आणि रिकाम्या हाताने जिना उतरून गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

शनिवारी मालकांचा फोन आला. ते मला सर म्हणत. “सर, उद्याच्या अंकात फक्त एक ओळ टाकायची आहे.” कुठली ओळ ते त्यांनी सांगितलं. क्लासवाले आपल्याच शब्दात अडकले होते. हरकती निघाल्या तर सौदा मोडला असता. मालकांनी हेही सांगितलं, की माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत आणि नव्या व्यवस्थेत मला कायम ठेवण्याबद्दल त्यांचं बोलणं झालेलं आहे. त्यांनी मला धमकी दिली असं मी म्हणणार नाही. त्यांचा आवाज फार गोड होता. मी गोणीकडे पाहिलं, काचेखालच्या सातबाऱ्याकडे पाहिलं नाही, आणि लिहिलं: ‘दिलेल्या मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही.’ मग गोणी उचलून माझ्या मागच्या भिंतीजवळच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या दिवाळी अंकांच्या मागे कोंबली. ती इतकी भरली होती, की कपाटाचं दार पुरतं लागेना.

रविवारी मोजणीवाले दहालाच आले. हातात अंक होता. ओळ चुकून पडली का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गोणी शिपायाने रद्दीत टाकली असावी, कालपासून सापडत नाही. आणि मुदत तर संपली. शिपाई रजेवर होता, त्यामुळे त्याला विचारायची सोय नव्हती. तेही मी आधीच पाहून ठेवलं होतं. मोजणीवाल्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे एकदा पाहिलं, जणू एका हातात काहीतरी असायला हवं होतं, आणि खाली गेले.

खाली माणसं जमायला लागली होती. नोटिशीत अकराची सुनावणी लिहिली होती, म्हणून ती एसटीने आणि जीपने आली होती. काहींनी सकाळची ओळ वाचलीच नव्हती, काहींनी वाचूनही येणं सोडलं नव्हतं. न्हावी दुकान बंद ठेवून आला होता, आणि तेही रविवारी. माहूरची बाई डोक्यावर पदर घेऊन पायरीवर बसली होती. मी वरच्या खिडकीत, पडद्याच्या कडेला उभा होतो. न्हाव्याने आवाज चढवला, की आमच्या हरकती गेल्या कुठं, पेपरवाल्यांनी खाल्ल्या का? मोजणीवाले पायरीवर चढून उभे राहिले.

“पेपरवाल्यांचं काही न्हाई,” ते म्हणाले. “चूक माझी हाय. म्या पोच घेतली न्हाई. पोच न्हाई तर कागद दिलाच न्हाई, असा नियम हाय.”

न्हावी म्हणाला, “आम्हाला पोच पोच करून बेजार केलं, अन् सोता हात हलवत आला व्हय?” आणि सगळे हसले. रागाने हसले असते तर बरं झालं असतं. ते मनापासून हसले. मोजणीवालेही त्यात थोडं हसले. त्या दिवसापासून लोह्याच्या बाजारात त्यांना पोचवाले म्हणू लागले. बांधाच्या भांडणात ज्यांचा शब्द दोन्ही भाऊ ऐकायचे, त्यांना पोरंसोरं रस्त्यात अडवून विचारू लागली, काका, भाजी घेतली, पोच घेतली का?

जिना सोळा पायऱ्यांचा होता. उतरून खाली गेलो असतो तर सुनावणी झाली असती. मी खाली चहा पाठवला.

पुढच्या रविवारी मोजणीवाले नेमाने अकराला आले आणि त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. ‘गेल्या रविवारी आपल्याकडून आलेले एकेचाळीस कप चहा, पैकी दोन बिनसाखरेचे, सर्व हरकतदारांना पोचले. करिता ही पोच.’ खाली सही. मी तो वाचत असताना ते माझ्या मागच्या भिंतीकडे पाहत होते. मग नेहमीचा नकाशा पसरून त्यांनी हिरवा रंग मोजायला घेतला.

सौदा झाला. पेपरात आधी गुणवंतांचे फोटो आले, मग गुणवंतांच्या आईवडिलांचे आणि शेवटी त्यांना शिकवणाऱ्या क्लासवाल्यांचे, रोज. मोजणीवाल्यांनी क्लासवाल्यांना तांबडा रंग दिला होता. दोन महिन्यांत त्यांनी नव्या मालकांना रीतसर अर्ज केला, की आपल्या कृपेने माझी तांबडी पेन्सिल संपली आहे, तरी कार्यालयाने नवीन पुरवावी. लातूरहून खरंच एक पेन्सिल आली, तीही क्लासचं नाव छापलेली. त्यांनी तिची पोच पाठवली. लोह्याचं पान आधी अर्धं झालं, मग पाव, मग एका गुरुवारी नव्हतंच. त्या रविवारी ते म्हणाले, “हिरवी पेन्सिल हाय तशीच हाय, साहेब. टोक बी काढावं लागंना.” तीन वर्षांनी मी शाल, श्रीफळ आणि ‘निर्भीड’ हे विशेषण घेऊन निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी कपाट रिकामं करताना गोणी निघाली. ती मी रिक्षातून घरी आणून माळ्यावर टाकली. पुढे पेपरही बंद पडला. त्याच्या इमारतीत आता क्लास भरतात.

गोणी माळ्यावर दहा वर्षं होती. ती का फेकली नाही आणि का दिली नाही, या दोन्हींचं उत्तर माझ्याकडे एकच आहे आणि ते शोभणारं नाही. यंदा डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक नकाशा काढला आणि त्यातला बराच भाग पोटखराब निघाला. मग मी गोणी खाली काढली आणि लोह्याच्या बसमध्ये बसलो.

मोजणीवाले आता गावीच असतात. वहिनी गेल्या. डोळ्यांना फारसं दिसत नाही. अंगणात खाटेवर बसून सुनेच्या मोबाइलवरच्या बातम्या बोटाने वर सरकवत होते. “जय भीम,” मी म्हणालो. इतकी वर्षं मी नुसता नमस्कार करत आलो होतो. त्यांनी आवाज ओळखला आणि लगेच तक्रार केली. “हे काय काढलंय साहेब? खाली जातंय, जातंय, अजून जातंय. बांधच न्हाई ह्याला. मोजावं कसं?”

मी गोणी त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी वाकून हात लावला आणि बोटं सुतळीच्या गाठीवर थांबली.

“गाठ माझीच हाय,” ते म्हणाले.

मी बोलायला लागलो. वाटेत बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं, पण त्यांनी हात वर केला. “हिचा कान कपाटाबाहेर आला होता. चहाची पोच द्यायला आलो तवाच बघितला.”

“मग बोलला का नाहीत?”

“दर रविवारी येत होतो की.”

मी इतकी वर्षं समजत होतो, की ते नकाशा दाखवायला येतात.

मग त्यांनी सुनेकडून कागद मागवला आणि मला पोच लिहायला लावली. तारीख आजचीच टाका म्हणाले, मागची टाकाल तर खोटा दस्त होईल. पोच झाल्यावर म्हणाले, एवढा उशीर झालाय तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल. तो सांगायला त्यांनीच सुरुवात केली आणि कारणापाशी थांबले. “कारण लिहा.”

मी म्हणालो, “भीती.”

त्यांनी विचार केला. “भीती चालणार न्हाई. नमुन्यात बसत न्हाई. आजारपण लिहा, सगळे तेच लिहितात.” सून आत हसली. मी आजारपण लिहिलं. त्यांनी हाताने चाचपून समास बरोबर सोडला आहे का ते पाहिलं आणि खाली ‘मंजूर’ लिहून सही केली, ज्याचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. निघताना एवढंच म्हणाले, की आता हे छापून टाका. पेपर नाही तर कुठं बी छापा. पण जेवढ्या जागेत चुकलं तेवढ्याच जागेत.

त्या हिशेबाने मला एक ओळ पुरायला हवी होती. मी जागा फार घेतली आहे, याची मला जाणीव आहे, आणि हे कुणी वाचून दाखवलं तर ते मोजायला लावतील हेही ठाऊक आहे. म्हणून ती ओळ शेवटी लिहितो. हरकती आल्या होत्या. गोणीभर आल्या होत्या, मुदतीत आल्या होत्या, आणि त्या आणून देणाऱ्याची काही चूक नव्हती. मी तेव्हा आजारी नव्हतो. याबाबत कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी. पोच मिळेल.